जुन्या गाडीचा इंडिकेटर स्विच मोडला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडिकेटर बंद पडला की पहिला संशय स्टीअरिंगखालच्या दांडीवर जातो. बिचारी समोर असते, हलते, कधीकधी हातातच येते. पण हा स्विच म्हणजे एका डबीत कोंबलेल्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक यंत्र: दांडी, खटके, स्प्रिंगा, छर्रा. दुसरी वीज: पितळी पट्ट्या आणि त्यांवर घासणारे कॉन्टॅक्ट. दोन्हींचे आजार वेगळे, औषधंही वेगळी. कुठला अर्धा भाग गेलाय ते ठरवल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. खालच्या बहुतेक उत्तरांत हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं येणार आहे.

बिघाड स्विचमध्येच आहे हे कसं ठरवायचं?

दांडी नीट अडकत नसेल, वळण झाल्यावर परत येत नसेल किंवा लुळी पडली असेल, तर प्रश्न यंत्राचा आहे आणि शंकेला जागा नाही. दांडी व्यवस्थित खट्ट करून बसते पण दिवा लागत नाही, तेव्हा मात्र स्विच हा संशयितांच्या यादीत शेवटचा. त्याच्या आधी बल्ब, बल्ब होल्डरचा गंज, अर्थिंग (म्हणजे गाडीच्या बॉडीतून वीज परत जायची वाट), फ्यूज आणि फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लखलखवणारी छोटी डबी.

यावर एक छोटी परीक्षा आहे आणि ती मी कुठल्याही मीटरपेक्षा वर ठेवतो. स्विचच्या वायरी डॅशबोर्डखाली एका कनेक्टरमध्ये येतात. तिथे फ्लॅशरकडून येणारी वायर शोधा. इग्निशन चालू करून त्या वायरीतून जंपरनं, म्हणजे जोडणीच्या सुट्या वायरीनं, डाव्या बाजूच्या वायरीला वीज द्या, मग उजव्या बाजूच्या. तुम्ही स्विचचंच काम हातानं करताय. जंपरवर दिवे ठणठणीत लखलखले आणि दांडीवर लखलखत नसतील, तर चोर सापडला. जंपरवरही दिवे मरगळलेलेच असतील तर स्विच निर्दोष आहे. स्टीअरिंग काढण्याचे कष्ट वाचले.

जंपरमध्ये ५ ते १० अँपिअरचा फ्यूज असू द्या. चुकीच्या वायरीला लागला तर फ्यूज जाईल, वायरिंग जळणार नाही.

एकच बाजू चालते. मग फ्लॅशर ठीक आहे ना?

बहुतेक वेळा हो. दोन्ही बाजूंना एकच फ्लॅशर वीज देतो. आता त्या बाजूचा पुढचा आणि मागचा दिवा वेगवेगळा पाहा. दोन्ही मेले असतील तर स्विच किंवा त्याचा कनेक्टर. एकच मेला असेल तर त्या दिव्यापाशीच जा. मात्र ब्रेकचा आणि इंडिकेटरचा दिवा मागे एकच असलेल्या गाड्यांत हा नियम लागू नाही, कारण तिथे पुढच्या आणि मागच्या दिव्याचे कॉन्टॅक्ट स्विचच्या आतच वेगळे असतात.

दोन्ही बाजू बंद आहेत.

फ्यूज, मग फ्लॅशर. हॅझर्डची, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावायची, सोय असलेल्या गाडीत हॅझर्डचं बटणही पाहा. अनेक गाड्यांत इंडिकेटरची वीज हॅझर्ड स्विचमधून जाऊन येते. ते बटण वर्षानुवर्षं कुणी दाबलेलं नसतं आणि आत कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. वीस-पंचवीस वेळा दाबा, सोडा. हसू नका, एवढ्यानं सुरू झालेल्या गाड्या मी पाहिल्यात. पण तसं झालं तर तो स्विच साफ करायचाच आहे. घासून आलेला जीव फार दिवस टिकत नाही.

टिकटिक फार हळू होते किंवा दिवा लागतो आणि तसाच राहतो. यात स्विचचा काय संबंध?

असतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. जुना थर्मल फ्लॅशर म्हणजे डबीतली तापणारी धातूची पट्टी किंवा तार. दिव्यांचा प्रवाह तिच्यातून जातो, ती तापून वाकते, संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. म्हणजे त्याचा ठेका दिव्यांच्या प्रवाहावर ठरतो. चांगल्या अवस्थेत मिनिटाला ६० ते १२० वेळा लखलखायला हवं. प्रवाह कमी पडला की पट्टी तापायला वेळ लागतो आणि ठेका रेंगाळतो.

प्रवाह बल्ब गेल्यानं कमी होतो, तसाच स्विचच्या कॉन्टॅक्टवर काजळी बसल्यानंही होतो. हिशेब करून पाहा. १२ व्होल्टच्या गाडीत २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर. स्विचमध्ये जेमतेम अर्धा ओहम रोध तयार झाला तर पावणेदोन व्होल्ट तिथेच अडकतात. बल्बला ८५ टक्के व्होल्टेज मिळालं तर प्रकाश ८५ टक्के मिळेल असं वाटतं, पण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगानं उतरतो; इथे तो चाळीसेक टक्क्यांनी कमी होतो. ६ व्होल्टच्या गाडीत परिस्थिती आणखी वाईट. तेच बल्ब तिथे सात अँपिअर मागतात, त्यामुळे तेवढाच मळ कितीतरी जास्त नडतो. सहा व्होल्टच्या गाड्यांचे इंडिकेटर मुळातच मिणमिणते असतात अशी समजूत आहे. मिणमिणते असतात ते कॉन्टॅक्ट.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये लक्षण उलटं दिसतं. एक बल्ब गेला की टिकटिक मुद्दाम दुप्पट वेगानं होते, चालकाला कळावं म्हणून.

स्विचमधला रोध नेमका कसा मोजायचा?

ओहम मोजू नका, व्होल्टेजची घट मोजा. मल्टिमीटर ओहमवर लावला की तो नाममात्र प्रवाह सोडतो. पितळाच्या एका केसाएवढ्या टोकानं संपर्क होत असला तरी शून्य दाखवतो आणि आपण फसतो.

फ्लॅशर काढा आणि त्याच्या जागी वीज आणणारी व दिव्यांकडे नेणारी, अशा दोन टर्मिनलना जंपर द्या. आता दिवा लखलखणार नाही, सलग लागेल आणि मोजणं सोपं होईल. दांडी एका बाजूला टाका. मीटरची एक सुई स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर, दुसरी स्विचमधून जाणाऱ्या वायरीवर. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर स्विचला हात लावू नका. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर उघडायची वेळ आली.

ब्रेक दाबला की एका बाजूचा दिवा लागत नाही. ब्रेकचा स्विच बदलला, फरक नाही.

गाडी अमेरिकन आहे का? त्यांच्यापैकी अनेकांत मागचा लाल दिवा ब्रेकलाही तोच आणि इंडिकेटरलाही तोच, एकाच फिलामेंटचा. ब्रेकची वीज आधी इंडिकेटर स्विचमध्ये येते आणि तिथून डाव्या-उजव्या दिव्याला वाटली जाते. डावीकडे वळताना स्विच डाव्या दिव्याची ब्रेकची वीज तोडून फ्लॅशरची जोडतो. दांडी मधोमध असताना जे कॉन्टॅक्ट जुळायला हवेत ते झिजले की ब्रेकलाइट जातो आणि इंडिकेटर मात्र मस्त चालतो. ब्रेकलाइटचा दोष स्टीअरिंगच्या आत असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

अशी गाडी स्विच दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढू नका. इंडिकेटरची उणीव हातानं भरून काढता येते, ब्रेकलाइटची ऐनवेळी नाही.

वायरींचे रंग कसे ओळखायचे?

मूळ वायरिंग शाबूत असेल तर तीन घराण्यांच्या खुणा पाठ असाव्यात. लुकास कंपनीची वीजसामग्री असलेल्या ब्रिटिश गाड्यांत डावी बाजू हिरव्यावर लाल रेघ, उजवी हिरव्यावर पांढरी रेघ, आणि फ्लॅशरकडून स्विचकडे येणारी फिकट हिरव्यावर तपकिरी. जर्मन गाड्यांत डावी काळी-पांढरी, उजवी काळी-हिरवी, आणि फ्लॅशरकडून येणारी काळी-पांढरी-हिरवी. जनरल मोटर्सच्या १९६० आणि ७० च्या दशकांतल्या बहुतेक गाड्यांत फ्लॅशरकडून जांभळी, ब्रेककडून पांढरी, पुढचा डावा फिकट निळा, पुढचा उजवा गडद निळा, मागचा डावा पिवळा, मागचा उजवा गडद हिरवा.

फ्लॅशरच्या टर्मिनलवर अक्षरं किंवा आकडे असतात. जर्मन पद्धतीत ४९ म्हणजे येणारी वीज आणि ४९ए म्हणजे जाणारी. अमेरिकनांत एक्स येणारी, एल दिव्यांकडे जाणारी, पी डॅशबोर्डवरच्या छोट्या दिव्याची. ब्रिटिशांत एक्सऐवजी बी.

आता खरं सांगायचं तर पन्नास वर्षांच्या गाडीत रंगांवर अर्धाच विश्वास ठेवावा. कुणीतरी कधीतरी हाताला लागेल ती वायर जोडलेली असते. टेस्ट लॅम्पनं खात्री करा आणि वहीत स्वतःचा नकाशा काढा.

माझ्या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलाय. काही वेगळं करावं लागेल का?

स्विच आणि थर्मल फ्लॅशर यांना दिशेशी देणंघेणं नसतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणार असाल तर तो पॉझिटिव्ह अर्थसाठी बनवलेलाच घ्या. उलटा जोडला तर एका क्षणात जातो. १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्या अशाच आहेत.

स्टीअरिंग काढावंच लागतं का?

गाडीवर अवलंबून. कित्येक ब्रिटिश गाड्यांत स्विच स्टीअरिंगच्या दांड्याभोवती पट्टीनं आवळलेला असतो. प्लॅस्टिकचं दोन भागांतलं आवरण चार-पाच स्क्रू काढून वेगळं केलं की तो समोर येतो. अमेरिकन गाड्यांत तो बहुधा स्टीअरिंगच्या चाकाच्या थेट खाली असतो, म्हणजे चाक काढणं आलंच. जनरल मोटर्सच्या १९६९ आणि नंतरच्या कॉलममध्ये (म्हणजे स्टीअरिंगचा दांडा आणि त्याभोवतीची नळी) चाक काढल्यावर आणखी एक अडथळा आहे. स्टीअरिंग लॉकची जाड चकती जोरदार स्प्रिंगवर दाबून बसवलेली असते आणि तिला धरून ठेवणारी रिंग असते. तिच्यासाठी खास दाबयंत्र मिळतं, तेच वापरा. दोन स्क्रू ड्रायव्हरनी ती दाबायचा पराक्रम करणाऱ्यांची बोटं सांगतात काय होतं ते.

स्टीअरिंगचं चाक काढताना काय सांभाळायचं?

आधी बॅटरी सोडा, अर्थची वायर पहिली. हॉर्नचा कॉन्टॅक्ट याच जागी असतो आणि बॅटरी जोडलेली असेल तर पाना लागताच गाडी कोकलते. गाडीची पुढची चाकं सरळ करा. मधला नट सैल करण्याआधी दांडा आणि चाक यांच्यावर एकच सरळ रेघ ओढा, रंगानं किंवा कोरून. चाक दात्यांवर बसतं. परत बसवताना एक दाता जरी चुकला तरी इंडिकेटर एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा बंद होऊ लागतो. ही चूक मी केली आहे, आणि दोन दिवस स्विचला शिव्या देत बसलो होतो.

नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा, मग पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, लावा. चाक अचानक सुटलं तर तो नट तुमचं नाक वाचवतो. दांड्यावर हातोडा मारू नका. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक गाड्यांचे कॉलम अपघातात दबून आखूड व्हावेत असे बनवले गेले. आतले जोड प्लॅस्टिकच्या खिळ्यांवर असतात आणि हातोड्याच्या घावानं ते तुटतात. मग कॉलमच बदला. चाकात एअरबॅग असेल तर ही माहिती तुमच्यासाठी नाही, तिथे जाणत्या माणसालाच हात घालू द्या.

वायरी कॉलमच्या आतून खाली जात असतील तर जुना स्विच ओढून काढण्याआधी त्याच्या खालच्या टोकाला मजबूत दोरी बांधा. स्विच वर येईल, दोरी आत राहील. नवीन वायरी त्याच दोरीनं खाली ओढून घ्यायच्या.

स्विच हातात आला. आत काय असतं?

थोडं थांबा. आधी चारही बाजूंनी फोटो काढा. आता एक मोठी, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घ्या, स्विच आणि दोन्ही हात तिच्यात घाला आणि आतच उघडा. दांडीला तीन ठिकाणी खट्ट करून बसवणारा एक पोलादी छर्रा असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्याच्यामागे दाबलेली स्प्रिंग. झाकण निघालं की तो उडतो आणि गॅरेजच्या ज्या कोपऱ्यात तुम्ही कधीच पाहिलेलं नसतं तिथे जाऊन राहतो. छर्रा हरवलाच तर सायकलच्या बेअरिंगमधला त्याच मापाचा चालतो. स्प्रिंगचं मात्र माप जुळवणं अवघड; बॉलपेनची स्प्रिंग तात्पुरती बरी, कायमची नाही, तिच्यात तेवढा जोर नसतो.

उघडल्यावर दिसेल ते असं. खाली बेकेलाइटची किंवा दाबलेल्या तंतूंच्या पुठ्ठ्याची पाटी आणि तिच्यात रिवेट केलेले पितळी कॉन्टॅक्ट. वर सरकणारा तुकडा, त्याला पितळेची एखादी पट्टी. बाजूला दोन खटके, प्रत्येकाला नाजूक स्प्रिंग. स्टीअरिंगबरोबर फिरणारा कॅम, म्हणजे उंचवट्याचं कडं, या खटक्यांना मागे ढकलतो. आणि सगळीकडे ग्रीस, जे एकेकाळी मऊ होतं आणि आता मेणासारखं झालंय. कितीदा तरी मोडलंय असं वाटणारा स्विच फक्त या सुकलेल्या ग्रीसनं जखडलेला असतो.

कॉन्टॅक्ट कशानं साफ करायचे?

जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं. मग कॉन्टॅक्ट फायबरग्लासच्या पेन्सिलीनं किंवा १००० नंबरच्या वरच्या पॉलिश पेपरनं, पितळ चमकेपर्यंत, त्याहून जास्त नाही. खरखरीत कानस लावली तर ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखड्यात ठिणगीला घर मिळतं. चांदीचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट काळे दिसले तरी घासू नका, अल्कोहोलनं पुसा. मुलामा गेला की मागे राहतं ते फार काळ टिकत नाही.

कॉन्टॅक्टवर खड्डा पडला असेल तर तो पूर्ण सपाट करायच्या मागे लागू नका. त्याच्या समोरची पट्टी किंचित वाकवून दाब वाढवा, जेणेकरून ती खड्ड्याशेजारच्या चांगल्या जागी टेकेल. स्विचचा खरा प्राण दाबात आहे. चकचकीत पण ढिला कॉन्टॅक्ट आणि मळका पण घट्ट कॉन्टॅक्ट यांत मी दुसरा घेईन.

पेट्रोल, ॲसिटोन, ब्रेक क्लीनर यांना प्लॅस्टिकच्या भागांपासून लांब ठेवा. जुन्या प्लॅस्टिकवर ते पडले की लगेच काही दिसत नाही, आठवड्यानं केसासारख्या भेगा दिसतात.

नुसता गंज सोडवणारा स्प्रे मारला तर? उघडायचा कंटाळा येतो.

आठवडाभर चालेल. मग त्या तेलावर धूळ बसेल आणि तुम्ही परत याच प्रश्नावर याल. स्प्रेच मारायचा असेल तर विजेच्या कॉन्टॅक्टसाठीचा, न राहता उडून जाणारा मारा.

खटका किंवा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलाय. चिकटतो का?

प्लॅस्टिक कुठलं यावर सगळं आहे. बेकेलाइट, म्हणजे कडक, तपकिरी किंवा काळं, मोडल्यावर मातीच्या भांड्यासारखं दिसणारं: दोन भागांच्या इपॉक्सीनं छान चिकटतं. एबीएस प्लॅस्टिक ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या त्याच प्लॅस्टिकच्या लगद्यानं जुळतं. हाच एक प्रसंग जिथे ॲसिटोन मित्र. पण दुधट पांढरे, बोटाला गुळगुळीत लागणारे खटके बहुधा नायलॉनचे किंवा ॲसेटालचे असतात, आणि त्यांना कुठलाही गोंद धरत नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी रिकामी केलीत तरी नाही.

अशा ठिकाणी जोड गोंदाचा नाही, खिळ्याचा करायचा. दोन्ही तुकडे जुळवून ०.८ किंवा १ मिलिमीटरच्या ड्रिलनं आरपार भोक पाडा, हातानं फिरवून, यंत्रानं नव्हे. यंत्राची गरमी नायलॉन वितळवते. त्यात पियानोची पोलादी तार घाला, टोकं किंचित वाकवा, वरून इपॉक्सीचा थेंब फक्त तार हलू नये म्हणून. असा खटका मूळ खटक्यापेक्षा जास्त टिकतो, कारण आता ताण तारेवर आहे.

तुकडाच हरवला असेल तर दुसऱ्या बाजूच्या खटक्यावरून आरशातली प्रतिमा म्हणून नवा कोरता येतो, नायलॉनच्या पट्टीतून कानशीनं. संध्याकाळ जाते, पण जमतं. थ्रीडी प्रिंटर असेल तर पीएलए नावाचं प्लॅस्टिक वापरू नका; ते साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज पोचतो. नायलॉन किंवा एबीएस घ्या.

दांडी मुळाशीच मोडली.

दांडी सहसा पोलादाची असते, पण ती ज्यात बसते तो तुकडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. तोच तडकतो. याला वेल्डिंग होत नाही, प्रयत्न केलात तर हातात थेंब राहतो. तडा साधा असेल तर तुकडे धातूमिश्रित इपॉक्सीनं जोडा आणि बाहेरून पितळेची पातळ पट्टी किंवा नळीचं कडं चढवा. आटे गेले असतील तर एक माप मोठं भोक पाडून आटे पाडा किंवा आट्यांची कॉइल बसवा. धातूचा पृष्ठभाग फुगलेला, फोड आलेला, कुरकुरीत दिसत असेल तर मात्र तो आतून सडलाय; तो तुकडा बदलण्याला पर्याय नाही.

दांडी बहुतेकदा मोडते ती तिला धरून गाडीत चढणाऱ्या-उतरणाऱ्यामुळे. घरच्यांना सांगून ठेवा.

वळण झाल्यावर दांडी परत येत नाही.

एक, खटका मोडला. दोन, खटक्याची स्प्रिंग निसटली. तीन, कॅम झिजला किंवा फिरला. चार, पट्टीनं आवळलेला स्विच दांड्यावर घसरून कॅमपासून दूर गेला. एक स्क्रू सैल करून मिलिमीटर-दोन मिलिमीटर जवळ घेतला की काम होतं, फार जवळ घेतला तर दांडी बसण्याआधीच परत उडते. पुढची चाकं सरळ असताना कॅमचं टोक स्विचच्या बरोबर मध्यावर यायला हवं.

एकाच बाजूला परत येत नसेल तर त्या बाजूचा खटका किंवा त्याची स्प्रिंग. दोन्ही बाजूंना येते पण कोन वेगवेगळे असतील तर चाक एक दाता चुकलंय. वर माझी कथा आलीच आहे. आणि गाडी सिट्रोएन सीएक्स असेल तर शोधू नका, तिच्यात ही सोयच दिलेली नव्हती.

सोल्डरिंग करताना प्लॅस्टिक वितळतं.

वितळणारच, पितळी टर्मिनल उष्णता थेट आत नेतं. टर्मिनलच्या मुळाशी चिमटा लावा, तो उष्णता पितो. मोठ्या टोकाचा तापलेला सोल्डरगन दोन सेकंद टेकवणं हे लहान टोक दहा सेकंद धरून ठेवण्यापेक्षा बरं. जुनं सोल्डर आधी पूर्ण काढा, पितळ खरवडा, थोडा फ्लक्स. नवी वायर १ चौरस मिलिमीटरची पुरेशी होते. दांडीबरोबर हलणाऱ्या वायरीला थोडी ढील ठेवा, आणि सोल्डर जिथे संपतं तिथे वायर वाकणार नाही असं बघा. ती नेमकी तिथेच तुटते.

नवा स्विच मिळत असेल तर जुना का दुरुस्त करायचा?

नवा चांगला असेल तर जरूर बसवा. अडचण अशी की आता मिळणाऱ्या नकलांमध्ये प्लॅस्टिक पातळ आणि पितळाच्या जागी पितळेचा रंग असं बरेचदा असतं, आणि दांडीचा कोन थोडा वेगळा निघतो. जुन्याचा फक्त एक अर्धा भाग गेलेला असतो. विजेचा भाग चांगला आणि खटका मोडलेला असेल, किंवा उलट, तर नक्कल घ्या पण तिचे सुटे भाग काढून जुन्या सांगाड्यात बसवा. तसंही, जुना स्विच फेकू नका.

एलईडी बल्ब लावल्यापासून टिकटिक बंद. स्विच गेला का?

नाही. थर्मल फ्लॅशरला तापायला प्रवाह लागतो आणि एलईडी जेमतेम दोन-तीन वॅट घेतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा. त्यानंतर एका बाजूला दिला की चारही दिवे लखलखले, तर डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा आहे. तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो आणि त्यातून झिरपणारी वीज एलईडीला पुरते. त्या दिव्याचं एक टोक अर्थला, दुसऱ्याला डाव्या-उजव्या वायरीकडून एकेक १एन४००१ डायोड (तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो), म्हणजे प्रश्न मिटला.

कॉन्टॅक्ट पुन्हा जळू नयेत म्हणून रिले लावू का?

रिले म्हणजे थोड्या विजेवर चालून मोठा प्रवाह जोडणारा वेगळा स्विच. त्याच दांडीवर हेडलाइटचा डिपर असेल तर त्याला नक्की लावा. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे नऊ अँपिअर, आणि ते त्या नाजूक पितळेतून जातात. इंडिकेटरला गरज नाही. शिवाय रिले मध्ये आला की थर्मल फ्लॅशरला दिव्यांचा भार दिसतच नाही आणि तो ठेका विसरतो.

माझ्या गाडीत दिवे नाहीत, बाजूनं बाहेर येणारे हात आहेत.

भाग्यवान आहात. मॉरिस मायनरला हे हात १९६१ पर्यंत होते. वीज मिळाली की विद्युतचुंबक आतली लोखंडी कांडी ओढतो आणि हात वर येतो. इथे फ्लॅशर नाही, हात वर येतो आणि तसाच राहतो. स्विच साफ करण्याची रीत तीच. हात अर्धाच उठत असेल तर आधी बिजागरीत घड्याळाच्या तेलाचा एक थेंब. ग्रीस अजिबात नको, त्यात धूळ अडकते. पण मागून येणाऱ्या आजच्या चालकाला तो हात म्हणजे काय हे कळत नाही, म्हणून बरेच मालक मूळ हात ठेवून जोडीला लखलखणारे दिवेही बसवतात.

परत बसवताना कुठलं ग्रीस?

छर्रा, खटके आणि कॅम यांना सिलिकॉनचं किंवा पांढरं लिथियमचं, तांदळाएवढं. कॉन्टॅक्टवर डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या, ग्रीसचा अगदी पातळ पुसट हात, हवा लागू नये इतकाच. ग्रॅफाइटचं किंवा तांब्याचं ग्रीस आत कुठेही नको, ते वीज वाहू शकतं आणि मग डावीकडे दिला की उजवीकडचाही उजळतो.

सगळं बसवण्याआधी तपासणी?

चाक लावण्याआधी स्विच कनेक्टरला जोडा, बॅटरी जोडा आणि दोन्ही बाजू, हॅझर्ड, ब्रेक, हॉर्न असं एकेक बघा. दांडी शंभर वेळा खाली-वर करा. मग बॅटरी पुन्हा सोडून चाक रेघेला रेघ जुळवून बसवा, नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं आवळा. शेवटी रिकाम्या जागेत दोन्हीकडे पूर्ण वळण घेऊन दांडी परत येते का ते पाहा, हेडलाइट लावूनसुद्धा. हेडलाइट लागल्यावरच इंडिकेटर मंदावत असेल तर अर्थिंगकडे बघा, स्विच पुन्हा उघडू नका.